उजेड नेमका कशावर पाडायचा?

२०२५ सालच्या मार्च महिन्यात, 'छावा' हा चित्रपट देशभर गाजत असताना, असीरगडच्या आसपासच्या शेतांत रात्री उजेडाचे ठिपके हलताना दिसू लागले. अंधार पडला की माणसे कुदळी-फावडी आणि चाळण्या घेऊन निघत आणि मोबाइलच्या नि टॉर्चच्या उजेडात माती उपसत बसत. धातू शोधणारी यंत्रेही कोणी आणली होती. पडद्यावर बऱ्हाणपूरची लूट दाखविली होती. त्यातच रस्त्याच्या कामासाठी उपसलेल्या मातीत नाणी सापडल्याची बोलवा उठली, आणि मोगलांचे सोने याच मातीत पुरलेले असणार असे लोकांनी मनाशी धरले. प्रशासनाने मज्जाव केल्यावर तो प्रकार थांबला. वर्तमानपत्रांनी त्याची चेष्टा केली. आम्हांला मात्र हसू आले नाही.

एका अर्थाने तो प्रकाशाचा खेळच होता. गोष्ट पडद्याने सांगितली, लोकांनी ती खरी मानली आणि सातपुड्याच्या पायथ्याची जमीन सोन्यासाठी खणली. याच सातपुड्याच्या पायथ्याशी चारशे वर्षांपूर्वी माणसांनी पाण्यासाठी जमीन खणली होती, आणि त्यांना ते सापडलेही होते. ही दुसरी गोष्ट रात्री टॉर्च घेऊन निघालेल्या त्या माणसांना कोणी कधी रंगवून सांगितली नव्हती. प्रस्तुत लेखाचा सारा विषय एवढाच आहे.

आमच्या शहरात चार शिकलीसवरलेली माणसे एकत्र आली आणि बऱ्हाणपूरच्या भवितव्याची चर्चा सुरू झाली, की ग्वाल्हेरचे उदाहरण निघतेच. तेथे मानमंदिरावर ध्वनिप्रकाशाचा खेळ होतो. आमच्या शाही किल्ल्यावर तसा भव्य खेळ का असू नये? आता तर भिंतींवर चित्रे हलविणारी प्रक्षेपणयंत्रे आणि आकाशात आकृत्या रेखणारे ड्रोन आले आहेत. तापीच्या पाण्यात सारे प्रतिबिंब पडेल, देशोदेशीचे प्रवासी येतील, शहराचा कायापालट होईल. सिंधीपुऱ्यातल्या आमच्या ओट्यांवरही हे बोलणे रंगते. आम्ही या कलेचे वैरी आहोत असा कोणी समज करून घेऊ नये. उघड्या आकाशाखाली, हजारो माणसांना एकाच वेळी, आपण बसलो आहोत त्याच भूमीची गोष्ट प्रकाशाने सांगता येणे ही थोर गोष्ट आहे. आमची तक्रार आहे ती या कलेने आजवर जो विषय हातात धरला आहे त्याविषयी.

या कलेचा जन्म १९५२ साली फ्रान्समधील शांबोर येथे, एका राजवाड्यापुढे झाला. पॉल रोबेर-उदँ हा त्या राजवाड्याचा व्यवस्थापक. त्याने भिंतींवर दिवे फिरवून आणि ध्वनिवर्धकांतून निवेदन ऐकवून इतिहास उभा केला. १९६५ साली हा खेळ दिल्लीच्या लाल किल्ल्यात आला. पुढे गोवळकोंडा, खजुराहो, ग्वाल्हेर अशी परंपराच झाली. जन्म राजवाड्यापुढे झाला म्हणून की काय, या कलेला राजवाड्याबाहेरचे दिसेनासे झाले आहे. उजेड पाडायला भिंत लागते, उंच भिंती राजांनी बांधलेल्या असतात, म्हणून गोष्टही राजाचीच निघते. गोवळकोंडा, खजुराहो आणि ग्वाल्हेर या तिन्ही ठिकाणी श्रोत्यांना अमिताभ बच्चन यांचाच धीरगंभीर आवाज ऐकायला मिळाला आहे. आवाज उत्तम, त्याविषयी आमचे काहीच म्हणणे नाही. परंतु तेलंगणातला कातळ, बुंदेलखंडातले तळे आणि चंबळेजवळचा डोंगर एकाच सुरात बोलू लागले, की भूमीला स्वतःचे काही म्हणणे असते हेच विसरायला होते. डोंगर कोठून आला, नदी कोठे जाते, त्या गावी माणसे पाणी कोठले प्याली, पिकवली काय, हे प्रश्न अशा खेळात सहसा उठतच नाहीत.

बऱ्हाणपूरचा खेळ झालाच तर तो कसा होईल हे सांगायला ज्योतिषी नको. १७ जून १६३१ रोजी मुमताजमहल येथे वारली. तापीपलीकडे जैनाबादेत तिचा देह ठेवला गेला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो आग्र्याकडे निघाला. किल्ल्याच्या भिंतीवर गुलाबी उजेड पडेल, सारंगी वाजेल, शहाजहान अश्रू ढाळील. मग 'ताजमहाल खरे तर येथेच व्हायचा होता' ही लोककथा इतिहास म्हणून सांगितली जाईल आणि आम्ही ऊर भरून टाळ्या वाजवू. चौदाव्या बाळंतपणात मेलेल्या त्या स्त्रीविषयी आम्हांला सहानुभूती आहे. पण सहा महिने येथे विसावलेल्या एका शवपेटीवर सहाशे वर्षांच्या नगराने आपली सारी ओळख टांगून ठेवावी हे आम्हांला कमीपणाचे वाटते. आणि तापी? मुलताईला उगम पावून, सातपुड्याची माती पोटात घेऊन सुरतेच्या समुद्राला मिळणारी ती सूर्यकन्या त्या खेळात फक्त आरसा होऊन राहील.

येथवर आमचे वाचक माना डोलावतील. यापुढचे मात्र त्यांना रुचेल की नाही हे सांगता येत नाही, तरी बोलणे भाग आहे. कारण आमच्या मराठी घरांतूनही या खेळासाठी मागणी आहे, आणि ती मागणी अशी, की त्यात 'आपला' अध्याय असावा. जानेवारी १६८१ च्या अखेरीस, संभाजीराजांच्या राज्याभिषेकाला पंधरवडा होतो न होतो तोच, हंबीरराव मोहित्यांच्या फौजेने बहादूरपुऱ्यावर झडप घातली, ते दाखवा. १७६० साली उदगिरीच्या विजयानंतर निजामाकडून बऱ्हाणपूर आणि असीरगड पेशव्यांकडे आले, ते दाखवा. पुढे १७७८ पासूनची शिंदेशाही दाखवा. पुरंदरचा तह करणारा मिर्झा राजा जयसिंग १६६७ साली याच शहरात मेला, तेही दाखवा.

हे सारे खरे आहे आणि इतिहासाच्या पुस्तकात त्याला मानाचे स्थान आहे. मोगली सत्तेच्या एका मोठ्या पेठेवर घाव घालण्यामागचे राजकारणही आम्ही जाणतो. पण विचार करावा. आम्ही ज्या गावात दोन-अडीचशे वर्षे नांदलो, त्याच गावाच्या लुटीचे चित्र भिंतीएवढे करून, त्या पेठेत ज्यांचे पूर्वज तेव्हा राहत होते त्यांच्यासमोर दाखवायचे आणि शेजारी बसून टाळ्या वाजवायच्या, हे कोणत्या सुसंस्कृतपणात बसते? राजांच्या रांगेत आपला राजा पुढे उभा राहावा म्हणून धक्काबुक्की करण्याने फारुकी, मोगल, निजाम, पेशवे, शिंदे अशी पाटी लांबते. भूमीची गोष्ट सुरूच होत नाही. असीरगडाखाली टॉर्च घेऊन फिरणाऱ्यांनी जे केले त्याचाच हा जरा शिष्ट अवतार होय. ते मोगलांचे सोने खणत होते, आम्ही आमच्या वैभवाचे.

मग भूमीची गोष्ट कोणती? ती आमच्या पायांखाली आहे. बऱ्हाणपूर हे खिंडीच्या तोंडाशी वसलेले शहर. नर्मदा आणि तापी यांची खोरी सातपुड्याने विभागलेली आहेत. असीरगडची खिंड त्यांना जोडते. उत्तरेतून दक्षिणेत उतरणारी फौज असो की सुरतेकडे जाणारा कापडाचा तांडा असो, त्याला या वाटेवाचून सोयीची वाट नव्हती. म्हणून येथे छावणी झाली, छावणीमुळे पेठ, पेठेमुळे विणकर आणि रंगारी आले. सतराव्या शतकात येथे येऊन गेलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच प्रवाशाने इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जाणाऱ्या येथल्या तलम कापडाचे वर्णन केले आहे. एवढ्या वस्तीला, जनावरांना आणि रंगाऱ्यांच्या हौदांना बारमाही स्वच्छ पाणी हवे. नदी जवळ असली तरी शहराच्या पातळीहून खाली वाहते, आणि शत्रूने वेढा घातला तर ती त्याच्याच हाती जाते.

यावर जो उपाय निघाला तो बऱ्हाणपूरचे खरे आश्चर्य होय. अब्दुर्रहीम खानखानान हा येथला सुभेदार असताना, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी भूजलतज्ज्ञाने सातपुड्यातून झिरपत तापीकडे जाणारे भूमिगत पाणी वाटेतच अडविण्याची योजना केली. डोंगराच्या पायथ्यापासून शहराच्या दिशेने ओळीने कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी उभी विवरे, खणली आणि त्यांचे तळ भुयाराने एकमेकांना जोडले. भुयाराला बेताचा उतार दिला. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. पाणी आपल्याच ओढीने चालत जाळी करंजापर्यंत येई आणि तेथून शहरात वाटले जाई. अशा आठ जलयोजनांच्या खुणा जुन्या गॅझेटिअरने नोंदविल्या आहेत. त्यांपैकी लालबागेकडचा कुंडी भंडारा, ज्याला लोक खूनी भंडारा म्हणतात, शंभराहून अधिक कुंड्यांचा आहे. २०२४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आमच्या शहराचे नाव गेले ते याच भंडाऱ्यामुळे. किल्ल्यामुळे किंवा मुमताजमुळे गेले नाही, हे आमच्या उत्साही मित्रांनी ध्यानात घ्यावे.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती मराठी वाचकाला विशेष भावेल. त्याच काळात दक्षिणेत मलिक अंबर खडकी वसवीत होता. खडकी म्हणजे पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. त्यानेही डोंगरातले पाणी जमिनीखालून नळांनी शहरात आणले, ती नहर-ए-अंबरी. खानखानान आणि मलिक अंबर हे एकमेकांचे हाडवैरी, रणांगणावर समोरासमोर उभे ठाकलेले. पण आपापल्या शहराची तहान भागविताना दोघांनाही एकच शहाणपण सुचले. ज्या रहीमचा पाण्यावरचा दोहा आमच्या मुलांनी शाळेत पाठ केला, त्याच रहीमच्या कारकिर्दीतले हे पाणी. असे नाट्य ज्या भूमीजवळ आहे तिने अश्रूंचे नाटक उसने का आणावे?

'भुयारातले पाणी प्रकाशाने कसे दाखवणार? तेथे भिंत कोठे आहे?' असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर साधे आहे. कुंड्यांची तोंडे जमिनीवर आहेत. सातपुड्याच्या पायथ्यापासून शहरापर्यंत प्रत्येक कुंडीच्या काठाशी एक मंद दिवा ठेवावा. अंधार पडल्यावर डोंगराकडचा पहिला दिवा लागावा, मग दुसरा, मग तिसरा. पाणी ज्या गतीने चालते त्या गतीने उजेड शहराकडे चालत यावा, आणि लोकांनी त्याच्या सोबतीने चालावे. आपल्या पायांखालून काय वाहते हे पोराबाळांना त्या एका रांगेत कळेल. त्याला ना गुलाबी भिंत लागते, ना गर्जणारे ध्वनिवर्धक. प्रखर झोतांनी नदीकाठचे पक्षी आणि रात्रीचे कीटक हैराण होतात, तेही टळेल. आणि हमामखान्यातल्या जुन्या रंगीत चित्रांना कोणाचा धक्का लागणार नाही.

भूमीलाच बोलते करण्याचे प्रयत्न अन्यत्र झालेले नाहीत असे नाही. सावरकरांमुळे मराठी माणसाला अंदमानचा तुरुंग घरच्यासारखा परिचित. तेथल्या ध्वनिप्रकाशाच्या खेळात गोष्ट सांगतो तो अंगणातला जुना पिंपळ. ओम पुरी यांनी त्याला आवाज दिला होता. कोणा अधिकाऱ्याने सांगण्यापेक्षा सारे पाहत उभ्या राहिलेल्या झाडाने सांगावे ही कल्पना आम्हांला फार सुंदर वाटते. ऑस्ट्रेलियात उलुरू नावाचा प्रचंड तांबडा खडक आहे. तेथील आदिवासी अनंगू लोकांची एक पुराणकथा २०२३ पासून वाळवंटावरच्या आकाशात हजाराहून अधिक ड्रोनांच्या प्रकाशाने दाखविली जाते. तिकीट लावून चाललेला तो पर्यटनाचाच व्यवहार आहे, त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु त्यात एक गोष्ट घेण्यासारखी आहे: कथेचा जेवढा भाग परक्यांना सांगायचा तेवढा अनंगूंनी स्वतः ठरविला आणि ती त्यांच्या पिट्यान्ट्यात्यारा व यान्कुन्ट्यात्यारा या भाषांतून ऐकू येते. ज्यांची भूमी त्यांचीच जीभ, हा तेथला नियम.

आमच्याकडे तो नियम नवा नाही. राजा अलीखान फारुकीने १५९० च्या सुमारास जामा मशिदीत अरबी शिलालेखाबरोबर संस्कृत शिलालेखही कोरविला. सव्वाचारशे वर्षांपूर्वी एका सुलतानाला जे सुचले ते आजच्या नियोजनकारांना सुचू नये काय? या शहरात विणकराची उर्दू आहे, निमाडी आहे, गुजराती आहे, आणि आमची मराठीही आहे. रावेर-भुसावळकडून येणारा पाहुणा मराठीच बोलतो. तेव्हा कुंडीकाठच्या निवेदनात मराठी असावी अशी आमची मागणी आहे, आणि ती आम्ही ठामपणे करतो. परंतु ती या सर्व भाषांच्या पंगतीत, त्यांच्या मांडीला मांडी लावून बसावी. कोणाचे पान उचलून तिला जागा नको. आमच्या सिंधीपुऱ्याचे नावच पाहा. सोळाव्या शतकात सिंध सोडून आलेल्या सूफी आणि विद्वान मंडळींच्या वस्तीवरून ते पडले. शाह ईसा जुंदुल्लाह हे त्यांतलेच. त्यांच्यामागून दोन शतकांनी आमचे पूर्वज आले. त्यांची घरे येथे होती, पाण्याची सोय येथे होती, म्हणून आम्ही टिकलो. या शहरात आपण नंतर आलो याची लाज नको, पण विसरही नको.

आता शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? भंडाऱ्याचे पाणी येते ते सातपुड्याच्या अंगावर पडणाऱ्या पावसातून. डोंगर उघडा पडला, पायथ्याशी विंधनविहिरींची चढाओढ लागली, की भुयारात झिरपायला उरते काय? भुयारांच्या भिंतींवर क्षारांचे थर चढून वाट अरुंद होत आली आहे, तीही माणसांनी उतरून वेळोवेळी साफ करावी लागते. २०२२-२३ साली नेपानगरच्या जंगलात अतिक्रमणासाठी झालेली वृक्षतोड आमच्याच जिल्ह्यातली, याच सातपुड्यातली. कोरड्या कुंड्यांच्या काठी दिव्यांची रांग लावणे म्हणजे शुद्ध दिव्याखाली अंधार. आणि दिवे तरी कशावर जळणार? नर्मदेवरच्या इंदिरा सागरची वीज एक हजार मेगावॅट. तिच्यापायी आमच्या जुन्या पूर्व निमाडातले हरसूद २००४ साली उठले. त्या गावाची घरे लोकांनी स्वतःच्या हातांनी पाडली हे आमच्यातल्या अनेकांनी पाहिले आहे. निमाडात उजेड फुकट आलेला नाही, एवढे भान तो उधळताना असावे.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. प्रकाशाच्या खेळासाठी पैसा निघणार असेल तर त्याचा पहिला हिस्सा पाणलोटातील झाडांवर, कुंड्यांच्या सफाईवर आणि भंडाऱ्याभोवतीची विंधनविहिरींची घाई आवरण्यावर खर्च व्हावा. पाणी वाहते राहील अशी खात्री झाल्यावरच दिवे लागावेत. 'लोकांना राणी हवी, नळ नको' असे कोणी म्हणेल. लोकांना काय हवे ते कळायला आधी दोन्ही गोष्टी त्यांच्यापुढे ठेवल्या पाहिजेत. आजवर एकच ठेवली गेली.

आपल्या परीने आपणही काही करू शकतो. जुन्या मराठी घरांच्या माळ्यांवर दप्तरे आहेत. शिंदेशाहीतील पाणीवाटपाचे कागद, वाड्यात करंजाचे पाणी येत असे त्याच्या नोंदी, दुरुस्तीचे हिशेब त्यांत असण्याचा संभव आहे. घरातल्या वृद्ध स्त्रियांना विशिष्ट कुंड्यांची नावे, पाणी भरायला जाण्याच्या वाटा, कोणत्या वर्षी कोणता करंज आटला हे आठवत असेल. ते विचारून, लिहून, सांगणाऱ्याच्या नावानिशी आमच्याकडे पाठवावे; आम्ही ते या पत्रिकेतून क्रमाने छापू. उद्या कोणी खेळाची संहिता लिहायला बसला, तर त्याच्या हाती मुमताजच्या कहाणीखेरीज आणखी काहीतरी द्यायला आपल्याजवळ असले पाहिजे.